करिंथची पंगत

भांडणावर माझ्या साडूंइतकं प्रेम करणारा आणि स्वतः जन्मात कधी न भांडलेला माणूस उभ्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खरं तर साडू हे नातं मोठं बिनकामाचं आहे. एकाच सासऱ्याच्या पदरात पडलेल्या दोन जावयांनी दिवाळीला शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करावी, यापलीकडे त्यात काही अपेक्षित नसतं. पण आमच्या साडूंनी गेली तीस वर्षं मला कामाला लावून ठेवलं आहे. ते कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात; मी म्हणतो, त्यांची बायको म्हणते, सासरे होते तोवर सासरेही म्हणायचे. रस्त्यात दोन माणसं भांडायला लागली की तुम्ही-आम्ही वाट बदलतो, फार तर सोडवायला जातो. सर स्कूटर स्टँडवर लावतात, चष्मा पुसतात आणि कोण कुठे उभा आहे ते वहीत काढून घेतात. एकदा शंकरनगरच्या चौकात एका ऑटोवाल्याने त्यांना विचारलं होतं, "काय लिहून राहिले जी? तुम्ही पोलिसातले का?" सर म्हणाले, "नाही गा, तू चालू दे. फक्त जरा पहिल्या जागेवर उभा राय, मघा होता तिथं." त्या बिचाऱ्याचा रागच ओसरला.

त्यांच्या मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट सासऱ्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथे हजर होतो असंच मला वाटतं. सासऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तुमचा अभ्यासाचा विषय काय?" सर म्हणाले, "भांडणं." सासऱ्यांना वाटलं मुलगा वकील आहे. "कोणाची भांडणं?" तर म्हणे, "बायबलच्या काळातल्या लोकांची. मुख्यतः करिंथ गावातली, दोन हजार वर्षांपूर्वीची." सासऱ्यांनी पोह्याची बशी खाली ठेवली आणि अगदी काळजीने विचारलं, "अजून मिटली नाहीत का ती?" त्यावर सर इतके खूष झाले म्हणतात, की मुलगी बाहेर यायच्या आधीच त्यांनी होकार देऊन टाकला. घरात दुसरी शंका अशी निघाली की मुलगा ख्रिस्ती तर नाही? तसं काही नव्हतं. सर रामटेककडचे, घरी रामनवमीला उपास करणारे. त्यांना त्या लोकांच्या देवाशी काही कर्तव्य नव्हतं, त्यांच्या जेवणाशी होतं.

ते करिंथचं प्रकरण मला आता माझ्या घरच्यासारखं पाठ झालं आहे. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं गाव. तिथे येशूला मानणाऱ्यांची एक लहानशी मंडळी होती. अजून त्यांचं चर्च वगैरे काही नव्हतं, म्हणून त्यांच्यातल्याच एखाद्या खाऊनपिऊन सुखी माणसाच्या घरी ती जमायची, एकत्र जेवायची आणि जेवता जेवता भांडायची. ज्याने ही मंडळी उभी केली होती त्याने परगावाहून पत्र लिहून सगळ्यांची खरडपट्टी काढली. पुष्कळ विद्वान सांगत आले की भांडण धर्माचं होतं, मतांचं होतं. मग तिथे खोदकाम झालं, जमिनीतून घरं निघाली आणि कोणीतरी टेप लावून पाहिलं, तर जेवणाची आतली खोली एवढीशी. आडवं पडून जेवायची त्यांची तऱ्हा, त्यामुळे आत आठ-नऊ माणसं मावायची आणि बाकीच्यांनी बाहेर चौकात बसायचं. आत कोण, तर ज्याला कामधंद्याची घाई नाही तो, लवकर येणारा. बाहेर कोण, तर दिवसभर ओझी वाहून उशिरा येणारा. तो येईस्तोवर आतले जेवून, पिऊन सुस्त. समाजशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचून सरांनी यातून जे काढलं ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं: "माणूस मतावरून भांडतो असं त्याले वाटते. भांडते तो जागेवरून, वेळेवरून आन् ताटावरून."

यात सरांची स्वतःची भर होती ती स्वयंपाकघराच्या दाराची. पाहुणे कुठे पहुडले हे सगळ्यांनी पाहिलं, पण जेवण कोणत्या दाराने येतं आणि कोणाच्या पुढून जातं हे कोणी पाहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. हे त्यांना सुचलं याचं कारण त्यांचे वडील. ते रामटेकच्या पंचक्रोशीत लग्नकार्याचे आचारी होते. "आचाऱ्याले वरण वाढायच्या आधीच कळते गा, कोणत्या पंगतीत भांडण होणार आहे ते," असं सर म्हणतात, आणि वडिलांविषयी बोलताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. शेकडो पंगती वाढून झाल्यावर त्या माणसाने स्वतः चुलीपाशी बसून उरलंसुरलं खाल्लं होतं. सरांच्या प्रबंधावर अर्पणपत्रिका आहे ती त्यांना.

गंमत अशी की करिंथला सर कधीही गेलेले नाहीत. त्या गावच्या गल्ल्या, पाण्याचे हौद, कोणत्या घरातून बाजार किती पावलं, सगळं त्यांना तोंडपाठ. इकडे सीताबर्डीत मात्र हरवतात. एकदा मेहुणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, कोथिंबिरीला पाठवलं, तर दोन तासांनी कुठल्याशा हार्डवेअरच्या दुकानातून फोन, "मी कुठं आहो हे यायले विचारून सांगतो, थांब." विद्यार्थ्यांनी एकदा त्यांच्या निवृत्तीच्या वेळी ग्रीसला पाठवायचा घाट घातला होता. सर म्हणाले, "जाऊन काय करू? तिथं आता दुसरेच लोक राहून राहिले." आणि त्याऐवजी त्यांनी मुलांकडून एक नवीन मोजपट्टी मागून घेतली, पन्नास मीटरची. तिचं दुसरं टोक बहुधा मी धरलेलं असतं. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढून माझी हयात गेली. तेव्हा करिंथच्या घरांचे नकाशे काढायला फुकटचा माणूस सासुरवाडीतच मिळाल्यावर सरांनी मला सोडायचं काही कारण नव्हतं.

लग्नाला त्यांना नेणं म्हणजे शिक्षा. सर अहेर देतात, वधूवरांच्या डोक्यावर अक्षता टाकतात आणि मग बुफेच्या टेबलांभोवती पावलं मोजत फिरतात. पनीर कोणत्या बाजूला, वरपक्ष कोणत्या बाजूला, रांग कुठे तुटते. एकदा धरमपेठेतल्या एका हॉलात त्यांनी वधूपित्याला बाजूला घेऊन अतिशय अदबीने सांगितलं, की पुरीची कढई इथून उचला, नाही तर अर्ध्या तासात मुलाचे काका रुसणार. वधूपित्याने दुर्लक्ष केलं. काका पंचविसाव्या मिनिटाला रुसले. सरांनी घड्याळ पाहिलं आणि पाच मिनिटं चुकल्याची हळहळ वहीत नोंदवली.

पण मी त्यांना मानतो ते या विद्वत्तेपायी नाही. मानतो ते त्यांच्या सचोटीपायी. "जे सापडलं ते लिहायचं, आन् जे आपल्याले नको होतं तेही सापडलं तं आधी लिहायचं," हा त्यांचा बाणा. बारा वर्षं खपून त्यांनी आपला सिद्धांत बांधला, त्याचं पुस्तक करायला घेतलं, आणि छापायला देणार तेवढ्यात त्यांना एका घराचा आराखडा दिसला ज्यात स्वयंपाकघराचं दार नेमकं उलट बाजूला होतं. दुसऱ्या कोणाच्या ते दहा वर्षं लक्षात आलं नसतं. मी म्हटलं, "सर, एकच तर घर आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला असावा. ते घर त्यांनी पहिल्या प्रकरणात, पहिल्या पानावर टाकलं आणि पुस्तक पुन्हा लिहायला घेतलं. पुरावा दडवणारा माणूस त्यांच्या लेखी चोराहून वाईट. एका जुन्या मित्राने खापराचा एक तुकडा यादीतून वगळला होता म्हणून सरांनी त्याच्याशी भांडण केलं नाही, फक्त त्याच्याकडे चहा पिणं सोडलं.

त्यांच्या प्रयोगाचीही हकिकत सांगितली पाहिजे. आतल्या खोलीत खरंच किती माणसं मावतात हे पाहायला त्यांनी आमच्या इमारतीच्या गच्चीवर चुन्याची फक्की टाकून करिंथचं घर आखलं, मापाबरहुकूम. रविवारी सकाळी सासरची मंडळी आणि शेजारी बोलावले, गाद्या टाकल्या आणि आत कोण, बाहेर कोण याच्या चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठीत आमचे सासरे बाहेर गेले आणि वॉचमन आत आला. आतल्यांनी डाव्या कोपरावर रेलून खायचं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या खांद्यात गोळा आला तो आठवडाभर उतरला नाही. आतून बाहेर निघालेलं भज्यांचं ताट चौकात पोचलं तेव्हा त्यात तळलेली मिरची उरली होती. सासरे उठून पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले. कोणीही जावई अशा वेळी धावत गेला असता. सर वही काढून लिहीत होते. मी डोकावून पाहिलं तर लिहिलं होतं: "सासरे, दहावं मिनिट." पण संध्याकाळी हेच सर गरम भजी घेऊन सासऱ्यांकडे गेले, आणि दोघं रात्रीपर्यंत हसत होते असं बायको सांगते.

सासरे गेले आणि वर्षभरात त्यांच्या घरात चुली वेगळ्या झाल्या. मोठे मेहुणे अरविंदभाऊ खाली, धाकटा विलास वर. अरविंदभाऊ सरकारी कचेरीतले, घड्याळावर चालणारे. विलास संत्र्यांचा व्यापारी, मोसमात काटोलच्या बाजारात अडकला की परतायचा नेम नाही. बाहेरून लोखंडी जिना झाला, दोन कॉलबेल झाल्या, आणि दोघा भावांचं बोलणं थांबलं ते सहा वर्षं थांबलं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं: कूलरचं पाणी. नागपूरच्या मे महिन्यात कूलर म्हणजे घरातलं एक माणूसच, तेही सगळ्यात जास्त पाणी पिणारं. टाकी एक, कूलर चार, आणि वरच्या कूलरने टाकी रिकामी केली या शब्दावरून एका दुपारी जे व्हायचं ते झालं. आमच्या सासूबाई खाली राहायच्या, त्यांचा चहा वरून यायचा, आणि दोन्ही घरांचे निरोप त्यांच्या तोंडून जायचे.

सहाव्या वर्षी डिसेंबरात सासूबाई आठ दिवस दवाखान्यात राहून घरी आल्या. हृदय थकलंय, जपा, एवढंच डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघे साडू भेटायला गेलो. त्यांनी आधी माझी चौकशी केली, मग सरांचा हात धरला. "जवाईबापू, मले काई नको आता. दोघं पोरं एका पंगतीत बसून जेवताना पाहाचे आहेत, बस." सर नुसते मान हलवत होते. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन हजार वर्षं जुन्या लोकायची भांडणं समजून राहिले. माह्या दोन पोरायचं नाई समजत तुमाले?"

मी सरांना इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. परतताना स्कूटरवर ते मागे बसले होते. मग माझ्या कानाशी म्हणाले, "कूलर चार महिने चालते. हे भांडण बारा महिने चालून राहिलं. मंग ते कूलरचं कसं?" दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टी, ब्रश, टॉर्च आणि मला घेऊन ते सासुरवाडीला हजर झाले.

भावांना त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. "भांडणाऱ्याले कारण विचारू नये. तो खोटं नाही सांगत, त्याले माहीतच नसते," हा त्यांचा नियम. त्यांनी घराला विचारलं. चार सकाळी आम्ही ते घर मोजलं. अरविंदभाऊंच्या बायकोला वाटलं वाटणीची मापं चालली आहेत. तिला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. सर फरशीवर पालथे पडून कुठे झीज जास्त आहे ते पाहायचे. मागच्या ओसरीत, कट्ट्यावर, त्यांना गंजाचं एक गोल वर्तुळ सापडलं, ताटाएवढं. त्याच्या आत आणखी एक. त्यांनी ते ब्रशने झाडलं, मापलं, आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत बसले. "इथं लोखंडाची झाकणी ठेवलेली राहत होती. रोज. बरीच वर्षं. कोणाचं तरी ताट झाकून ठेवत होते, घरात नाही, इथं," ते म्हणाले. विचारायची गरज नव्हती. संत्र्यांच्या मोसमात उशिरा येणारा आणि त्याच्यासाठी थांबणारी त्याची बायको, अशी दोनच माणसं त्या घरात होती.

आत आलो. आत जेवणाचं टेबल, सहा खुर्च्यांचं. सरांनी बोटं मोजली: सासरे, सासूबाई, अरविंदभाऊ, त्यांची बायको, दोन मुलं. खुर्च्या संपल्या. टेबल यायच्या आधी सगळं घर जमिनीवर बसायचं, हे मला बायकोकडून माहीत होतं. सर हलक्या आवाजात म्हणाले, "पंगत कितीही वाढते, एक पाट सरकवला का झालं. टेबल वाढत नाही." करिंथची आतली खोली माझ्या सासुरवाडीत निघाली होती! मी स्वतः त्या टेबलावर शेकडो वेळा जेवलो होतो, जावई म्हणून कोणी ना कोणी उठून मला खुर्ची देत होतं, आणि कोण उठतं हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली.

आता फक्त टेबल कधी आलं हे ठरवायचं होतं. सर टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले आणि उताणे पडले, कारण सुतार खालच्या फळीवर खडूने तारीख टाकतात. बाहेर त्यांचे दोन पायमोजे तेवढे दिसत होते. इतक्यात सासूबाई काठी टेकत आल्या आणि नेमक्या त्याच टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. सर खाली आहेत हे पाहून त्यांना हसू आलं. "काय शोधून राहिले जी खाली? अहो, हा टेबल माह्यासाठीच घेतला यायनं. माहे गुडघे गेले ना त्या साली, खाली बसताच येईना. अरविंदानं पहिल्या पगारवाढीत बनवून आणला. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसून जेवली तं रडलीच मी, इतकं बरं वाटलं."

टेबलाखालचा टॉर्च विझला. पायमोजे हलायचे थांबले. मी मोजपट्टीचं टोक धरून उभा होतो, आणि मला कळत होतं की सरांना सगळं सापडलं आहे. कारण, तारीख, सगळं. त्या घरातल्या सगळ्यात भल्या कामातून ते भांडण निघालं होतं. सासूबाईंनी काठीने टेबलाच्या पायावर हलकेच ठोकलं. "मंग? निघालं का काई? कशाचं होतं त्या दोघायचं?"

सर बाहेर आले. केसांत जाळी, चष्म्यावर धूळ. ज्या माणसाने एका घराच्या एका दारासाठी बारा वर्षांचं पुस्तक मोडलं तो माणूस सासूबाईंच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "कूलरचंच होतं, आई. पाण्याचंच."

"मी म्हणतच होती," सासूबाई म्हणाल्या आणि निर्धास्त झाल्या.

बाहेर पडल्यावर सरांनी मोजपट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. दोन दिवसांनी त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला: रविवारी दुपारी आईंच्या अंगणात रोडगे, स्वयंपाक माझा. थोरल्या जावयाचं आमंत्रण, तेही आईसाठी, कोणाला मोडता येईना. सरांनी सकाळपासून गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे गोळे वळले, वांग्याची भाजी चढवली. आचाऱ्याचा मुलगा तो. धोतर नव्हतं एवढंच. अंगणात सतरंजीची लांबच लांब पट्टी टाकली, तिच्या एका टोकाला सासूबाईंची खुर्ची. पत्रावळी मांडून झाल्या. विलासचा काटोलहून फोन आला, गाडी भरते आहे, तुम्ही जेवून घ्या. त्याच्या बायकोने तो निरोप सांगितला तो खाली मान घालून. असे निरोप तिने पुष्कळ सांगितले असणार.

अरविंदभाऊ सुटीच्या दिवशी बाराला जेवतात. बारा वाजले. "सर, वाढता ना?" सर निखाऱ्यांत काडीने ढोसत म्हणाले, "कच्चे आहेत अजून." साडेबाराला कच्चे. एकला कच्चे. मी जवळ जाऊन पाहिलं तर रोडगे केव्हाच भाजून झाले होते. सर ते राखेत आणखी खोल पुरत होते आणि चेहऱ्यावर आचाऱ्याची चिंता आणत होते. दीड वाजता अरविंदभाऊ उठले. आत जाऊन बिस्किटं खातील, झोपतील, संपलं, असं मला वाटलं. सासूबाई खुर्चीत पुढे झुकल्या. अरविंदभाऊंनी एकवार सरांकडे पाहिलं, एकवार रिकाम्या पत्रावळींकडे पाहिलं. टेबलावरून काय झालं ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पण भूक लागलेल्या माणसाला त्या दीड तासात काय काय सुचलं असेल, सांगता येत नाही. ते पुन्हा खाली बसले. आणि शेजारची पत्रावळ हाताने जरा सरकवून त्यांनी जागा केली.

पावणेतीनला फाटक वाजलं. विलास आला, अंगाला संत्र्यांचा वास, तोंडावर धूळ. सवयीने तो लोखंडी जिन्याकडे वळला आणि थबकला. वीसेक माणसं बसलेली, आणि एकाही पत्रावळीवर काही नाही. तो कोणाकडे पाहून बोलला ते कळलं नाही. "जेवले नाही काहून?"

अरविंदभाऊ पत्रावळीकडे पाहत म्हणाले, "तू यायचा होता ना."

विलास तसाच उभा राहिला. मग हात न धुताच येऊन त्या जागेवर बसला, आणि तोंड पुसायच्या निमित्ताने दुपट्टा बराच वेळ डोळ्यांवर धरला. सर म्हणाले, "झाले बापा एकदाचे," आणि राख उकरायला लागले. रोडगे दगडासारखे झाले होते. कोणी तक्रार केली नाही. सासूबाईंनी एक घासही घेतला नाही. त्या नुसत्या पाहत होत्या.

पुढच्या उन्हाळ्याआधीच त्या गेल्या. दिवस झाल्यावर एका संध्याकाळी मी सरांकडे बसलो होतो आणि इतके महिने न विचारलेलं विचारलं, "सर, तुम्ही खोटं बोललात. तुम्ही!" त्यांना राग आला नाही. "करिंथच्या लोकायबद्दल मी तीस वर्षं खरं बोललो," ते म्हणाले, "कारण त्यातलं कोणी जिवंत नव्हतं. खरं आयकून कोणाले रात्रभर झोप लागणार नाही, असं एकही माणूस तिथं नव्हतं." मग म्हणाले, "त्या आतल्या खोलीचं मी फार वाईट लिहिलं गा. त्या घरातही कोणाचे गुडघे दुखत असतील. कोण्या म्हाताऱ्या मायसाठी कोणी ते जेवायचे बाक घातले असतील. हे जमिनीत सापडत नाही."

"मग लिहा ना तसं," मी म्हटलं. "पुस्तक अजून तुमच्याच हातात आहे. शेवटच्या पानावर लिहा."

"काय लिहू?" सर म्हणाले. "पुरावा एकच होता. आन् तो मीच दडवला." हे बोलून ते हसले, चष्मा काढला, आणि तो पुसायचं विसरून हातातच धरून बसले.